स्मृतीचं प्रकरण शिकवून झालं आणि वर्ग ते विसरला

पाटीपेन्सिल | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्याच्या गावी कला महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. चौदा वर्षं झाली. हा धागा माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि जे कधीकाळी मागच्या बाकावर बसले होते त्यांच्यासाठीही.

गेल्या वर्षी बी. ए. प्रथम वर्षाला स्मृती आणि विस्मरण हे प्रकरण मन लावून शिकवलं. हर्मन एबिंगहॉस, १८८५, निरर्थक अक्षरगट, स्वतःच प्रयोगकर्ता आणि स्वतःच प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. विस्मरणाचा वक्र फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढला. आधी कसा धाडकन कोसळतो आणि मग कसा सावकाश उतरत जातो, ते दाखवलं. मुलं माना डोलावत होती. बारा दिवसांनी अंतर्गत परीक्षा झाली. ‘विस्मरणाचा वक्र स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली निम्म्याहून जास्त पेपर कोरे. काहींनी मी दिलेलं हरवलेल्या किल्ल्यांचं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं होतं, पण ते कशाचं उदाहरण हे कुठेच नव्हतं.

आधी चिडले. पोरं घरी पुस्तक उघडत नाहीत, मोबाईल सोडत नाहीत, जे स्टाफरूममध्ये रोज बोललं जातं ते सगळं मनात आलं. रात्री अकराच्या सुमारास विसावा-बाविसावा पेपर हातात होता तेव्हा जाणवलं, की एकदा सांगितलेलं टिकत नाही ही गोष्ट मी मुलांना एकदाच सांगितली होती.

त्यानंतर वर्गात एक गोष्ट सुरू केली. मुलं तिला ‘कोरा कागद’ म्हणतात. तास सुरू झाला की वह्या बंद. पाठकोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा घ्यायचा आणि मागच्या तासाचं जे आठवेल ते लिहायचं. सात मिनिटं. शेवटी फळ्यावर मी एक प्रश्न लिहिते, तो दोन आठवड्यांपूर्वीच्या भागावरचा असतो. गुण नाहीत, नाव घातलं नाही तरी चालतं. मग वही उघडायची आणि जे सुटलं ते वेगळ्या पेनाने त्याच कागदावर भरायचं.

ही माझी युक्ती नव्हे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग आता पाठ्यपुस्तकांत असतो. मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. मी हा प्रयोग वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, आणि माझ्या तासाला मात्र वर्गाने कधी काही आठवून लिहिलेलं नव्हतं.

एक कागद माझ्याकडे जपून ठेवलाय. अभिजात अभिसंधानाच्या, म्हणजे जोडी लावून शिकण्याच्या पाव्हलॉवच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगाच्या, दुसऱ्या दिवशीचा. एका मुलाने तीनच शब्द लिहिले होते: कुत्रा, घंटा, लाळ. खाली हिरव्या पेनाने, वही बघून, पूर्ण पानभर. दिवाळीनंतरच्या कागदावर त्याच मुलाने न बघता लिहिलं, ‘घंटा आधी तटस्थ होती, जोडी लावल्यावर अभिसंधित चेतक झाली, एकटी घंटा वाजवत राहिलं की विलोप होतो.’ त्याच्या गावात फिटरची दुकानं आहेत म्हणून उदाहरणही त्याचंच होतं: गॅरेजात बुलेटचा आवाज आला की कुत्री शेपटी हलवत येतात, कारण तो मालक बिस्किटं टाकतो.

इथपर्यंत बरं चाललं होतं. पण कागद त्यांचाच भरतो जे वर्गात असतात.

दाराजवळच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. प्रात्यक्षिक दुपारी ३ ते ५. आरशात बघून तारा गिरवायचा प्रयोग चालू असला की ही ४:२० ला दप्तर आवरायची. जर्नल अपुरं. मी दोनदा सगळ्यांसमोर बोलले. तिसऱ्या आठवड्यापासून ती प्रात्यक्षिकाला आली नाही, दिवाळीनंतर तासालाही नाही. सत्र परीक्षेचा फॉर्म भरला नाही. नंतर तिच्या गावच्या मुलीकडून कळलं, की त्यांच्या फाट्यावर थांबणारी शेवटची एस. टी. ४:४० ला सुटते. आणि दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, घरी दोन धाकटी भावंडं आणि आजी, म्हणजे चूल हिच्याकडे.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामासाठी आम्ही मुलांच्या दोन याद्या करतो, ‘प्रगत’ आणि ‘मंद गतीने शिकणारे’. त्या मुलीचं नाव मी माझ्या हाताने दुसऱ्या यादीत लिहिलं होतं. मार्गदर्शक शिक्षक म्हणून तिच्या नावासमोर माझीच सही आहे.

मला विचारायचंय ते हे. फॉर्म भरायची तारीख उलटून जाण्याआधी, मूल निसटतंय हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि कळल्यावर तुम्ही काय करता? भाषण नको, केलेलं सांगा.

निळीशाई | ३ ऑगस्ट, रात्री ११:०२

वाचतेय. ‘सगळ्यांसमोर बोलले’ वर थांबले. मीही बोललेय अशी.

जुना दप्तरदार | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पाटीपेन्सिल ताई, मी ३३ वर्षं हाच विषय शिकवून निवृत्त झालो. सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती, कारण आपल्या गाईडांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाव्हलॉव म्हटलं की आपण घंटाच म्हणतो. त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर, दिवा असे अनेक चेतक वापरले जात. मुलांना हे सांगितलं की त्यांना कळतं की गंमत घंटेत नाही, जोडी लावण्यात आहे. तुमच्या त्या बुलेटवाल्या मुलाला हे आधीच कळलंय.

आता तुमचा कोरा कागद. तो उपक्रम म्हणून न ठेवता प्रात्यक्षिकच करा. तुकडीचे दोन भाग करा. एकाने पानभराचा उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहायचा. निम्म्या निम्म्यांना त्याच दिवशी तपासा, उरलेल्यांना पुढच्या आठवड्यात. आकडे फळ्यावर, आलेख जर्नलमध्ये. पण पहिल्या दिवशी निष्कर्ष काढू देऊ नका. त्या दिवशी दोनदा वाचणारेच पुढे दिसतील आणि मुलं ‘बघा, वाचणंच बरं’ म्हणून मोकळी होतील. आठवडा थांबलं की त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, की वाचताना जे ‘येतंय’ असं वाटतं ते परीक्षेत येत नाही. माझ्या अनुभवात हा क्षण कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा. मूल अभ्यासाची पद्धत बदलतं ते त्यानंतर.

दुसरं, परिभाषा. आपल्याकडे बॅक राहण्याचं हे मोठं कारण आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. दर वर्षी पेपरात ‘ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा’ असं लिहून पोरं गुण घालवतात. ऋण म्हटलं की वाईट, एवढंच डोक्यात बसतं. मी असं सांगायचो: आई सकाळी हाकांवर हाका मारते. तू उठलास की हाका थांबतात. उद्यापासून तू पहिल्याच हाकेला उठतोस. त्रास थांबल्यामुळे उठणं वाढलं, हे ऋण प्रबलन. आणि उशिरा उठलास म्हणून दिवसभर मोबाईल काढून घेतला आणि उशिरा उठणं कमी झालं, तर ती शिक्षा. वर्तन वाढलं की कमी झालं, एवढंच विचारा. ऋणचा अर्थ ‘काढून घेतलं’, वजाबाकीतला. स्पर्धा परीक्षेची हिंदी पुस्तकं वाचणाऱ्यांचा आणखी गोंधळ होतो, कारण तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपल्या शिक्षेला दंड.

त्या मुलीबद्दल. तुम्ही जर्नल अपुरं म्हणून बोललात, ती शिक्षा होती आणि तिने नेमकं तेच केलं जे आपण वर्गात शिकवतो: जिथे शिक्षा मिळते ती जागा टाळली. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी असे किती टाळायला लावले असतील, त्यांची तर यादीही नाही माझ्याकडे.

कडीपत्ता | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आमच्याकडे एका कार्यशाळेत सांगितलं होतं की मुलं दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा तीन प्रकारची असतात, आधी चाचणी घेऊन तसं शिकवा. त्याने फरक पडेल का?

जुना दप्तरदार | ४ ऑगस्ट, सकाळी ९:४५

नाही पडणार. ही कल्पना फार लोकप्रिय आहे, पण पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळं संशोधन चाळलं तेव्हा ‘ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं’ याला धड पुरावा सापडला नाही. सगळ्यांनाच चित्रही द्या, शब्दही द्या. त्या चाचणीचा वेळ कोऱ्या कागदाला द्या.

गोदाकाठ | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. महाविद्यालय म्हणजे शाळा नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाला मतदानाचा हक्क आहे, स्वतःचा अभ्यास ही त्याची जबाबदारी नाही का? कला शाखेत किती तरी मुलं दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून येतात, मानसशास्त्र ‘सोपं’ म्हणून घेतात. तुम्ही सात-सात मिनिटं आठवण करून देणार, बसची वेळ बघणार, घरी फोन करणार. उद्या नोकरीत हे कोण करणार आहे? जे खरंच मेहनती आहेत त्यांचा वेळ यात जातो, याची काळजी मला वाटते. माझी मुलगी अशाच एका वर्गात आहे आणि पुढे काहीच सरकत नाही म्हणून घरी येऊन रडते.

सहप्रवासी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:५५

गोदाकाठ, तुमच्या मुलीची अडचण खरी आहे आणि तिला उत्तर मिळायला हवं. मी गणित शिकवतो, म्हणून आमच्या विषयातलं एक सांगतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये नापास होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. शाळेत ही मुलं हुशार म्हणून नावाजलेली होती. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरचं वातावरण. ट्रीझमन मुलांच्या खोल्यांवर, अभ्यासाच्या ठिकाणी जाऊन महिनोन्‌महिने बघत राहिले. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र आधी एकटी अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही तर ते अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या बसलेल्याला वाटायचं, की आपल्यालाच येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे. ट्रीझमननी त्या मुलांना ‘कच्च्यांचा वर्ग’ दिला नाही. एकत्र बसवून नेहमीपेक्षा अवघड उदाहरणं दिली. निकाल पालटले. म्हणजे मागे पडणाऱ्याला सांभाळायचं म्हणून वर्ग खाली आणावा लागतो हे गृहीतच धरू नका. तुमच्या मुलीला आणि दाराजवळच्या बाकावरच्या मुलीला एकाच गटात एकच अवघड प्रश्न मिळाला तर दोघींचंही भलं होईल.

मी तीन वर्षं चारचे गट करतोय. पहिल्या महिन्यात गोंगाट होतो, प्राचार्य दारातून डोकावून जातात. नंतर मार्गी लागतं.

मोगरी | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

हा धागा दुपारपासून तीनदा वाचला. मी त्या दुसऱ्या यादीतली.

घरात पहिलीच कॉलेजला गेलेली. दहावी-बारावी मराठीतून. मानसशास्त्र घेतलं कारण नाव आवडलं. ग्रंथालयातलं चांगलं पुस्तक इंग्रजीत, मराठीतलं होतं ते फाटलेलं. मी काय करायचे? झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स आणायच्या आणि पिवळ्या पेनाने रंगवायच्या. सगळं पान पिवळं व्हायचं. पहिल्या सत्राला दोन विषय राहिले.

दुसऱ्या सत्रात एका मॅडमनी माझा पेपर माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, “तुला येतंय, पण तू प्रश्न काय विचारलाय ते बघत नाहीस.” त्यांनी पेन्सिलने दाखवलं: ‘टीप लिहा’ म्हटलं की व्याख्या, दोन वैशिष्ट्यं, एक उदाहरण, अर्धं पान. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की कारण सांगायचं. ‘फरक लिहा’ म्हटलं की आधी एकाबद्दल सगळं आणि मग दुसऱ्याबद्दल सगळं असं लिहायचं नाही, एकेका मुद्द्यावर समोरासमोर लिहायचं. ‘चिकित्सक परीक्षण’ या शब्दाचा अर्थ मला तोवर कुणी सांगितला नव्हता. मला वाटायचं तो डॉक्टरांशी संबंधित आहे.

वीस मिनिटं लागली असतील त्यांना. माझ्या शिक्षणात त्या वीस मिनिटांइतकं मोलाचं दुसरं काही नाही. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेलं असतं त्यांना या गोष्टी जेवताना कळतात. आमच्यासाठी त्या लिहून भिंतीवर लावा.

आणि मी कमवा आणि शिका योजनेत होते. सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना कष्टाच्या बदल्यात शिकायला मिळावं म्हणून साताऱ्याकडे जे रुजवलं ते माझ्यापर्यंत पोचलं, म्हणून मी आज एम. ए. झाले. पैसे थोडेच होते, पण मेसचं बिल निघायचं. त्याहून मोठं म्हणजे रोज दोन तास मी कॉलेजच्या आत असायचे. शिपाईमामा नावाने ओळखायचे. मी दोन दिवस दिसले नाही तर ते विचारायचे. ताई, तुमचा प्रश्न ‘कशावरून कळतं’ असा आहे ना? आमच्याकडे आधी शिपाईमामांना कळायचं.

निळीशाई | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

मोगरी, ‘चिकित्सक परीक्षण’ची टीप उद्याच भिंतीवर लावते. मनापासून आभार.

तासिकावाला | ४ ऑगस्ट, रात्री ११:४०

सगळं पटतं. फक्त एक वस्तुस्थिती मांडतो. मी नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेला, आठवं वर्ष, तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही कधी सत्र संपल्यावर. सुट्टीत काही नाही. मुलाच्या शेजारी बसून पेपर दाखवायची वीस मिनिटं कोणत्याच बिलात बसत नाहीत. तरी मी बसतो, कारण मुलं समोर असतात. पण दोन कॉलेजांत तास असल्याने अकराला इथून निघावं लागतं, आणि मुलांना बोलायचं असतं ते तास संपल्यावरच. विद्यार्थी टिकायला हवेत तर त्यांना ओळखणारा शिक्षक आधी टिकायला हवा. दर जूनला नवा चेहरा असेल तर मार्गदर्शकाच्या यादीत कुणाचंही नाव लिहा, उपयोग नाही.

पाटीपेन्सिल | ५ ऑगस्ट, सकाळी ६:२०

तासिकावाला, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त पूर्ण सहमती आहे. आमच्या विभागात मंजूर जागा दोन आणि भरलेली मी एक.

जुना दप्तरदार सर, तुम्ही ‘टाळणं’ म्हणालात ते रात्रभर डोक्यात होतं. सर्वांना एक विचारते: मुलं मानसशास्त्राची बाई म्हणून माझ्याकडे घरचे, मनाचे प्रश्नही घेऊन येतात. प्राचार्यही कुणी रडलं की माझ्याकडे पाठवतात, “मॅडम, तुमचाच विषय आहे.” हे कुठवर करावं?

कानोसा | ५ ऑगस्ट, दुपारी १२:०५

समुपदेशक म्हणून लिहिते. यावर आमच्या क्षेत्रात स्पष्ट बोललं जात नाही.

मानसशास्त्र शिकवणं आणि समुपदेशन करणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचं प्रशिक्षण वेगळं आहे. शिवाय तुम्ही त्या मुलीचे अंतर्गत गुण देता. जिच्या हातात गुण आहेत तिच्यापाशी मूल सगळं मोकळेपणाने सांगू शकत नाही. आणि सांगितलंच, तर नंतर तुमच्या तासाला बसणं त्याला जड जातं. म्हणून तुमचं काम ऐकून घेणं, घाबरून न जाणं आणि योग्य माणसापर्यंत हात धरून नेणं. ‘तिकडे जा’ म्हणून कागद देऊ नका, सोबत जा. तुमच्यासमोर फोन लावून द्या.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापून घ्या. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर गुप्तता बाजूला ठेवून लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. आणि हे असं करणार आहे, हे त्या मुलाला आधी प्रेमाने सांगायचं.

प्राचार्यांसाठी: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. तुमचं कॉलेज शंभराच्या वर नक्कीच असेल. निकालाची प्रत घेऊन जा. ‘तुमचाच विषय आहे’ याला ते लेखी उत्तर आहे.

अजून एक. अपसामान्य मानसशास्त्राचं प्रकरण सुरू झालं की निम्म्या वर्गाला एकेक विकृती स्वतःला झाल्यासारखी वाटते. पहिल्याच तासाला हे सांगून टाका, की असं वाटणं नेहमीचं आहे. आणि खरंच त्रास असेल तर कुठे जायचं तेही.

दूरदेशी | ५ ऑगस्ट, रात्री ११:२५

मी अटलांटात राहतो, मूळ लातूरचा. सहप्रवासी यांनी बर्कली सांगितलं, मी माझ्या शहरातलं सांगतो. तुलना म्हणून नाही, एक गोष्ट उपयोगी वाटली म्हणून.

इथे जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. गरीब घरातली, पहिल्या पिढीची मुलं खूप. २००३ च्या सुमारास सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं, पुढे ते ५० टक्क्यांच्या वर गेलं. प्रवेशाच्या अटी कडक करून त्यांनी हे केलं नाही. २०१२ पासून त्यांनी रोजच्या नोंदींवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात कमी गुण पडले, अशा ८०० हून अधिक खुणा. खूण दिसली की सल्लागाराने मुलाशी संपर्क करायचा. संगणक खूण दाखवायचा, पण समोर बोलायला माणूस असायचा, आणि त्यासाठी सल्लागारांची संख्याही वाढवली.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. दर सत्राला शेकडो मुलं थोड्या थकबाकीपायी पटावरून काढली जायची, आणि त्यात पदवीच्या उंबरठ्यावरची बरीच. २०११ पासून विद्यापीठाने अशांना छोटी मदत स्वतःहून द्यायला सुरुवात केली. मुलाने अर्ज करायचा नाही, विद्यापीठानेच बघायचं कुणाचं अडलंय.

आपल्याकडे परीक्षा फॉर्मची फी आणि विलंब शुल्क यात किती मुलं अडकतात? मी बारावीनंतर अडकलो होतो. मामाने भरली.

आणि ‘आपण इथले नाही’ या भावनेबद्दल. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले, ‘सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, मग सरतं’, तर तासाभराच्या त्या कामाचा परिणाम कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांवर पुढे तीन वर्षं दिसला. पण २०२३ मध्ये २२ संस्थांत, २६,९११ विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला तेव्हा एक अट समोर आली. जिथे त्या मुलांना खरोखर आपलं मानायला वाव होता तिथेच तो लागू पडला. नुसतं ‘तू आमचाच’ म्हणून भागत नाही.

गोदाकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

मोगरी यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, बाबा, मलाही ‘चिकित्सक’चा अर्थ माहीत नव्हता. जबाबदारीबद्दलचं माझं मत अजून आहे, पण जे सांगितलंच नाही त्याची जबाबदारी मुलावर टाकता येत नाही हे मान्य करतो. गटाचं तिच्या सरांना सुचवणार आहे.

मोगरी | ६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

गोदाकाठ काका, तिला सांगा, मी उत्तरं कशी लिहायची त्याचं एक पान केलंय. हवं तर इथे टंकते.

पाटीपेन्सिल | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

आठवडाभर लिहायला झालं नाही, काम चालू होतं.

मंगळवारी कोऱ्या कागदावर मानसशास्त्र विचारलंच नाही. पाच प्रश्न दिले. गाव कोणतं? परतीची शेवटची गाडी किती वाजता? घरचं कुणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं का? फॉर्मची फी भरायला अडचण येते का? तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर कॉलेजने कुणाला विचारावं? शेवटचा प्रश्न मोगरीमुळे घातला.

एकूण ५८ कागद. त्यांतल्या २३ जणांची शेवटची गाडी पाचच्या आत. १९ जणांच्या घरचं कुणी ना कुणी कोयत्यावर जातं, आणि त्यांतल्या सहा जणींनी लिहिलं, ‘मीच घर बघते.’ चौदा वर्षं मी या वर्गांपुढे उभी आहे आणि हे एका कागदावर मावत होतं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी मैत्रिणीचं, मित्राचं नाव लिहिलं. एकाने लिहिलं, ‘कुणालाच नाही.’ त्याच्याशी मी बुधवारी बोलले. पुन्हा बोलणार आहे, आणि कानोसाताईंनी सांगितल्याप्रमाणे एकटी बोलणार नाही.

कागदांची मोजदाद आणि न्यायालयाच्या तत्त्वांची प्रत घेऊन प्राचार्यांकडे गेले. समुपदेशकाचं म्हणाले, संस्थेला लिहितो. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून महिन्यातून दोनदा कुणी येऊ शकेल का, ते मी बघतेय. फॉर्मच्या फीसाठी माजी विद्यार्थ्यांचा एक छोटा निधी उभा राहतोय. दूरदेशी, तुमचा निरोप मिळाला, रक्कम कार्यालयात पावतीनेच द्या, माझ्याकडे नको.

प्रात्यक्षिकं मात्र हलली. ३ ते ५ ऐवजी सकाळी ११ ते १. भूगोलाच्या सरांनी त्यांची प्रयोगशाळेची वेळ सोडली म्हणून जमलं. वेळापत्रकावर आज सही झाली.

त्या मुलीच्या घरी रविवारी जाऊन आले. आधी ती बाहेरच येईना. मग चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, वर्गात बसायची तशीच, अर्धी आत अर्धी बाहेर. मी म्हटलं, जर्नलचं मी बोलले ते चुकलं. ती काही बोलली नाही. आजी म्हणाली, “वह्या ठिवल्यात तिनं, ट्रंकंत.” तिने वही आणली. चार प्रयोग पूर्ण, ताऱ्याचा अर्धा. सोबत बसून हिशोब केला. एकूण आठ प्रात्यक्षिकं, मुकादमाचा ट्रक दिवाळीनंतर येणार, म्हणजे त्याआधी चार उरतात. नव्या वेळेने दर आठवड्याला एक धरलं तरी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपतात. वहीच्या मागच्या पानावर चारही तारखा तिनेच लिहिल्या. पहिली येत्या मंगळवारची आहे, तारा पूर्ण करायचाय.